पाटलाचा उपास

"टाटा कर, पाटील. खोटरेबाई आल्या पाह्य. कर टाटा."

आईंनी काचेवर नखानं टकटक केली. आत दगडावर बसलेल्या पाटलानं मान तिरकी केली, एक डोळा आईंवर रोखला, पुढचा उजवा पाय उचलला, हवेत एक सावकाश गोल काढला आणि पाय परत खाली ठेवला.

"अगं माय वं!" खोटरेबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "खरंच केलं की! माह्या नातवाले दहादा सांगा लागते."

"मीच शिकवलं," आई म्हणाल्या. "पयले नव्हता करत. आता मी दिसली की करतेच."

माझ्या दातांत दोरा होता. भुवया कोरणाऱ्या बाईला मधे बोलता येत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा. मी खोटरेबाईंचं कपाळ मागं ढकललं आणि उरलेली भुवई पूर्ण केली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, गयाबाई गावंडे. आणि पाटील म्हणजे सरडा. आपल्या कुंपणावरचा नव्हे, परदेशी, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, कोपरापासून बोटापर्यंत लांब. गळ्याखाली काट्याकाट्यांची पिशवी असते, ती रागावला की फुगते आणि काळी पडते, म्हणून त्याला बियर्डेड ड्रॅगन म्हणतात. माझी लेक केतकी त्याला एका मैत्रिणीकडून घेऊन आली होती. ती मैत्रीण घर सोडून परदेशी चालली होती. दगडावर तो छाती काढून, डोळे अर्धे मिटून असा बसायचा की पारावर बसून गावाचा न्याय करतोय. म्हणून पाटील.

"याला चाळीस अंशांची ऊब लागते," असं केतकीनं पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "मंग तो अकोल्याचाच हाय."

त्या जूनमध्ये केतकी नागपूरला हॉस्टेलवर गेली आणि पाटील माझ्या गळ्यात पडला. पुढच्या खोलीत माझं पार्लर, मागच्या खोलीत आईंचं देवघर, आणि मधल्या खोलीत टेबलावर, पार्लरच्या खुर्चीतून दिसेल अशी, पाटलाची काचेची पेटी, वर दिवा. मी बारावीनंतर शिकले नाही. पार्लरचं काम मी स्वतःच्या भुवया बिघडवून शिकले आणि इंग्रजी शाम्पूच्या बाटल्यांवरून. पाटील मी मोबाईलवरच्या व्हिडिओंतून शिकले. बोलणारे फार भरभर बोलायचे, म्हणून मी आवाज बंद करून नुसता सरडा बघायचे. तसं बघायची मला सवय होती. भुवया करताना बाई "नाही हो, नाही दुखत" म्हणते तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत नाही, पायाच्या अंगठ्याकडं बघते. अंगठा वळला की हात हलका करते.

त्या रात्री फोनवर मी केतकीला टाटाचं सांगितलं. ती हसली नाही.

"आई, तो टाटा नसतो गं."

"मग काय असतो?"

"छोटा सरडा मोठ्याला करतो तसं. म्हणजे, मी तुला पाहिलंय, मी लहान आहे, तुझ्या वाटेत येणार नाही, मला मारू नको. आजीला करतो का तो?"

"आजीलाच करतो."

"तुला?"

मी आठवून पाहिलं. मला तो करत नव्हता. माझ्या हातावर चढून दंडापर्यंत यायचा आणि डोळे मिटायचा.

आईंना हे सांगावं असं मला वाटलं, आणि सांगू नये असंही. सगळ्या गल्लीला दाखवून झालेला टाटा होता तो. एवढा मोठा मान कोण काढून घेणार?

आणि तसाही पाटलाचा मुक्काम संपत आला होता. टाटाचं कौतुक एका बाजूला, पण सरडा तो सरडा. देवघराच्या भिंतीला लागून राहतो, जिवंत किडे खातो, आणि एकदा दंडावरून निसटून आईंच्या खांद्यावर पडला तेव्हा आईंनी भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली होती. केतकीच्या बाबांनी अमरावतीचा एक माणूस शोधला. त्याच्याकडं पोपट होते, कासवं होती, काय काय होतं.

"दसऱ्याला सीमोल्लंघन," आईंनी ठरवून टाकलं. "याचं बी करून टाकू. घट उठले की जाय म्हणा तुह्या सीमेपार. ऐकलं का कुंदा?"

"हो आई," मी डोक्यावरचा पदर पुढं ओढत म्हटलं.

केतकीला कळवलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं." मला फोनमधून तिचा अंगठा दिसत नव्हता, पण तो वळलेला होता.

*

घट बसले. आमच्याकडं घट म्हणजे सुपारीएवढं प्रकरण नाही. आईंचं बांबूचं टोपलं चांगलं हातभर रुंद आणि वीतभर खोल, त्यात शेतातून पोत्यानं आणलेली काळी माती, मधोमध कलश, भोवती पेरलेला गहू. शेजारी अखंड दिवा. तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. कोपरा आईंचा, वात आईंची, पाणी शिंपडायचा हात आईंचा. घरात नऊ दिवस कांदा नाही, लसूण नाही, आणि अंड्याचं तर नावसुद्धा नाही. फ्रिजमधली उरलेली अंडी मी खोटरेबाईंकडं ठेवायला देऊन यायचे, आणि त्या ती दसऱ्याला "किती होती वं?" असं विचारत परत करायच्या.

जिवंत किड्यांचा प्रश्न होताच. पण तो पाटलानंच सोडवला. त्यानं खाणं सोडलं. किडे नाहीत, अळ्या नाहीत, शेवग्याचा पाला नाही, लाल भोपळ्याचा कीस तोंडापुढं धरला तरी मान वळवायचा.

आईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या काचेपुढं चांगल्या थबकल्या.

"काहून खात नाई हा?"

"माहीत नाही आई. घट बसल्यापासून तोंडच लावत नाही."

"घट बसल्यापासून?" आई वाकल्या. पाटलानं लगबगीनं हात उचलून गोल फिरवला. "अवं कुंदा, यानं उपास धरला."

"आई, सरडा कसा—"

"काहून? त्याले जीव नाई? देवघराच्या भिंतीले पेटी लागून हाय त्याची. रोज आरती ऐकते तो."

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला रीघ लागली. खोटरेबाई आपल्या नणंदेला घेऊन आल्या, नणंद तिच्या भिशीतल्या बायकांना. "किडे खानारं जनावर वं, पन देवीच्या नऊ दिवसांत शिवत नाई पाह्य." एकीनं पेटीपुढं केळं ठेवलं. आई कौतुकानं उभ्या, आणि पाटील प्रत्येकीला हात उचलून उचलून म्हणत होता की मी लहान आहे, मला मारू नका.

माझ्या पार्लरला त्या आठवड्यात बरी गर्दी झाली, हे नाकारत नाही. पण माझं लक्ष कामात नव्हतं. कारण उपास करणारा माणूस पडून असतो, आणि पाटील पडून नव्हता. तो दिवसभर काचेवर नाक घासत इकडून तिकडं चालायचा. मग कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी फरशी ओरबाडायचा. खाली जाड कागद अंथरलेला, त्याखाली काच. खर्र खर्र, खर्र खर्र. थांबायचा, दम घ्यायचा, परत. ते ऐकत मी एका नवरीच्या हातावर वॅक्सची पट्टी ओढली आणि माझ्याच अंगावर काटा आला. असं खोदताना मी कुणालातरी पाहिलं होतं. आवाज बंद करून पाहिलं होतं.

दुपारी त्याला कोमट पाण्यात बसवलं आणि पोटाखालून बोटं हलकेच फिरवली. कापडी पिशवीत चिंचोके असावेत तसं लागलं. एक नाही, दोन नाही, भरलेली पिशवी.

मी न्हाणीतल्या पाटावर बसून राहिले. मग त्याच्या तोंडाकडं बघून म्हटलं, "अगं बाई."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर इंगोले भले माणूस. "वहिनी, मी गाई-म्हशी पाहतो, बकऱ्या पाहतो. हे आजवर फोटोतच पाहिलं," असं सरळ सांगून त्यांनी नागपूरच्या मित्राला फोन लावला, आणि तासाभरात मला परत केला. "तुम्ही म्हणता तसंच आहे. मादी आहे, अंडी तयार आहेत. नर नसला तरी कोंबडीसारखी घालते, पोकळ. तिला खोल, ओलसर, उबेची माती द्या आणि एकटं सोडा. मनासारखी जागा नाही मिळाली तर ती अंडी धरून ठेवते. आणि धरून ठेवली वहिनी, तर जगत नाही."

आता माती. घरात माती एकच होती. घटातून उरलेली, अर्धं पोतं, देवघराच्या दाराआड.

"आई," मी दारात उभी राहून म्हटलं, "त्या पोत्यातली थोडी माती घेऊ?"

आई वाती वळत होत्या. "कायले?"

"पाटलाला हवी आहे. खोदायला."

"घटाची माती? सरड्याले?"

"त्याची तब्येत—"

"माह्या जित्यापनी नाई. घट उठू दे, मंग ने अमरावतीले पोतंच्या पोतं."

कारण सांगायचं तर तोंडातून अंडं काढावं लागलं असतं, घटाच्या घरात, घटाच्या समोर. माझं माहेर नाशिकचं. वीस वर्षं या घरात राहून माझी भाषा आईंना पुस्तकीच वाटायची, आणि त्यांच्यापुढं मला शब्द तसेही वेळेवर सापडायचे नाहीत. माझा हात पदराकडं गेला.

"हो आई," मी म्हटलं.

बाल्कनीतला मनीप्लांट मी उपटला आणि कुंडीतली माती घमेल्यात घालून, पाणी मारून, पेटीत ठेवली. पाटील (पाटलीण म्हणायला माझी जीभ अजून वळत नव्हती) त्यात उतरली, चार ओरखडे काढले, नाक लावून पाहिलं आणि बाहेर येऊन बसली. गार होती, उथळ होती, काय होतं कोण जाणे. तिला ती जागा पसंत नव्हती. एवढी पोटुशी बाई, पण निवडीत तडजोड नाही. मला राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं.

"आई, काय झालं तिला?" रात्री केतकीनं विचारलं. मी "तिला" म्हटलेलं तिनं लगेच उचललं होतं. "वाचेल ना?"

"वाचेल," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला ठाऊक नव्हतं.

*

अष्टमीच्या सकाळी खोटरेबाई होमाला जायचं म्हणून भुवया करायला आल्या. त्यांची एक बाजू झाली, दुसरीला दोरा लावला, तेवढ्यात देवघरातून हाक आली.

"कुंदा!"

आईंनी वीस वर्षांत मला खूप हाका मारल्या. तशी कधी मारली नव्हती. दोरा तसाच दातांत घेऊन मी धावले, आणि मागून एक भुवई कोरलेल्या खोटरेबाई.

पेटीचं सरकतं दार चार बोटं उघडं होतं. उघडं राहिलं की तिनं उघडलं, देवीलाच माहीत. देवघरात घटाचं टोपलं अर्धं पांढरट-हिरवं, अर्धं काळं दिसत होतं. दिव्याच्या बाजूचे सगळे गव्हाचे कोंब उपटलेले, माती फरशीवर, आणि त्या मातीत कलशाशेजारी एक शेपूट. पुढचे पाय आत, मागचे पाय माती उडवतायत, फर्र फर्र. रात्रंदिवस दिव्यानं उबवलेली, रोज सकाळी पाणी शिंपडलेली, वीतभर खोल काळी माती. अख्ख्या घरातली सगळ्यात चांगली जागा तिनं शोधली होती.

आई केरसुणी उचलून उभ्या होत्या.

शेपूट वळली. ती खड्ड्यात उलटी फिरली, मागचं अंग आत गेलं आणि तोंड बाहेर आलं. दाढी शाईसारखी काळी. जबडा उघडा. आईंकडं तिनं सरळ पाहिलं, आणि हात उचलला नाही.

"हे पाह्य!" आई म्हणाल्या. "माह्या घटात बसून मलेच डोळे दाखोते! सरक."

मी सरकले, पण मधे. दोन्ही हात पसरून टोपल्यापुढं उभी राहिले. दोरा तोंडातून काढायचं भान नव्हतं, तो हनुवटीवर लोंबत होता.

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

"नाही, आई. तिला हात लावायचा नाही."

खोटरेबाईंनी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. आईंनी केरसुणी खाली आणली नाही, पण वरही नेली नाही.

"तिले? कोनाले तिले?"

"पाटील बाई आहे आई. उपास नव्हता तो. तिचे दिवस भरलेत. आता हलवली तर मरेल."

दिव्याची वात तेवढी हलत होती. आईंनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून टोपल्याकडं पाहिलं. ती मागचं अंग मातीत रुतवून, पुढचे पाय रोवून, कुठंतरी आत बघत होती. पोटावरून एक लाट गेली. मग दुसरी.

आईंनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"नवरा कुठं हाय तिचा?" त्यांनी विचारलं.

"नाही. यांच्यात नवऱ्याशिवायही होतं. पोकळ असतात, पिल्लं निघत नाहीत."

"म्हणजे हाल सगळे बाईचे, अन् हाती काई नाई?"

"हो."

"अरे देवा," आई म्हणाल्या, आणि पाट ओढून खाली बसल्या. मग खोटरेबाईंकडं वळल्या. "तू काय पाह्यतं वं? जाय, बाहेरच्या दारात उभी राह्य. दिगंबर दुकानातून आला तर आत सोडू नको. मानसाचं काम नाई इथं."

"पन माही भुवई—"

"भुवई कुठं पयून जाते?"

खोटरेबाई एका भुवईनिशी दारात पहाऱ्याला उभ्या राहिल्या. केतकीचे बाबा खरंच आले. "वहिनी, माझ्याच घरात मला का अडवता?" असं विचारताना ऐकू येत होतं, आणि खोटरेबाईंचं ठणठणीत उत्तर, "तुमच्या घरी बाळंतपन चालू हाय."

आम्ही दोघी शेजारी बसलो. पहिलं अंडं दिसलं नाही, फक्त तिचे डोळे मिटले आणि उघडले. तिनं मागचा पाय मातीत हलवला. परत डोळे मिटले.

"वरडत बी नाई," आई हळू आवाजात म्हणाल्या.

"तिला आवाज नसतो."

"आज टाटा काहून नाई केला तिनं मले?"

मी सांगून टाकलं.

"आई, तो टाटा नव्हता. लहान सरडा मोठ्याला करतो तसं. मी लहान आहे, मला मारू नका, असं म्हणते ती."

"मले?"

"हो."

"रोज?"

मी मान हलवली. आईंनी आपल्या हातांकडं पाहिलं. वाती वळून वळून कापूस चिकटलेली बोटं. बराच वेळ त्या बोटांवरचा कापूस काढत बसल्या.

"दिगंबरच्या आंधी एक झालं होतं मले," त्या म्हणाल्या. "तुले कोनी सांगतलं नसंन."

नव्हतं सांगितलं.

"असेच घट बसले होते. कळा सुरू झाल्या, तं माही सासू म्हणे, इटाळ होते, घटाच्या घरात नाई. गोठ्यात न्या इले. मले कोनी मारलं नाई, वढलं नाई. नुसतं म्हणे, चाल." आईंचा उजवा हात आपोआप वर गेला, कानाजवळ, आणि तिथं थांबला. "म्या काय केलं? हात उचलला, पदर घेतला डोक्यावर, अन् चालली गेली. बैलाच्या पायापाशी झाली पोरगी. राह्यली नाई."

टोपल्यात माती सरकली. तिनं खड्ड्यातून अंग काढलं होतं. आता ती वळून, थकलेली, पुढच्या पायांनी माती आत लोटत होती. लोटायची आणि डोक्यानं दाबायची. लोटायची आणि दाबायची. एवढ्या हालांनंतरही काम अर्धं टाकलं नाही. कपाळाला, नाकाला, दाढीला काळी माती लागली होती.

"देवीले काय झालं?" आईंनी विचारलं. मला नाही, देव्हाऱ्याकडं बघत. "सांग ना. हे एवढं तुह्या म्होरं झालं. तुले काय झालं?"

दिवा जळत होता.

मग आई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "बसली काय कुंदा? पानी आन कोमट. अन् तो शेवगा आन तिचा. बाळंतीन हाय, उपाशी ठेवतं काय?"

मी पाणी आणलं. ती हातात आली तेव्हा रिकाम्या पिशवीसारखी हलकी होती. आईंनी आपल्या बोटावर पाण्याचा थेंब घेऊन तिच्या नाकाशी धरला. एवढ्या महिन्यांत त्यांनी तिला कधी बोट लावलं नव्हतं. तिनं जीभ काढून तो टिपला.

बाहेर जाऊन मी खोटरेबाईंची दुसरी भुवई केली. माझा हात अजिबात हलला नाही. आरशात माझ्याकडं बघून खोटरेबाई म्हणाल्या, "आज तू जरा उंच दिसून राह्यली वं."

*

दसऱ्याला घट उठले. अर्ध्याच टोपल्यात धान होतं. आईंनी ते सगळ्यांच्या कानावर खोवलं आणि बाकीचं टोपलं, माती आणि मातीतलं सगळं तसंच, कुणाला न दाखवता शेतात नेऊन बांधाशी पुरायला लावलं.

दुपारी अमरावतीचा माणूस खोका घेऊन आला. खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली होती, माणूस वाईट नव्हता. केतकीच्या बाबांनी त्याला सोनं दिलं, बसायला खुर्ची दिली.

"कुंदा, सरडा आण," ते म्हणाले.

मी मधल्या खोलीच्या दारात उभी होते. काय बोलायचं ते मी पहाटेच ठरवून ठेवलं होतं, शब्दही तयार होते. पण त्याआधी आई आतून आल्या.

"नाई भेटत," आई म्हणाल्या.

"अगं आई, तूच म्हणाली होतीस, दसऱ्याला—"

"बाळंतीन हाय ते. सव्वा महिना तिले उंबरा वलांडू देत नाई मी."

तो माणूस हसला. "आजी, सरडीला कसला सव्वा महिना?"

"भाऊ," आई म्हणाल्या, "या घरातून एक बाळंतीन एकडाव बाहेर काढली व्हती. आता दुसरी नाई काढत. चहा घेऊन जाय."

केतकीच्या बाबांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा टाकायला गेले, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या माणसाला दाखवायचं नव्हतं. वीस वर्षं मी त्या बाईची सून होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, कुणी विचारलं तर छाती काढून सांगावं की मी गयाबाई गावंडेची सून आहे.

सव्वा महिन्यानंतर कुणी अमरावतीचं नाव काढलं नाही. पाटलीणबाई पुढं कितीतरी वर्षं त्या पेटीत राहिल्या. आजही आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, ताई, आमचा ड्रॅगन खात नाही, ताई, आमचा काचेवर नाक घासतो. मी पहिल्यांदा हेच विचारते, तो बाप्या आहे हे कुणी ठरवलं?

पण मला आठवते ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आई अंघोळ करून देवघराकडं निघाल्या होत्या, वाटेत पेटीपुढं थांबल्या. मी मागोमाग चहा घेऊन आले. आई दिसताच सवयीनं माझा मोकळा हात डोक्यावरच्या पदराकडं निघाला.

आत पाटलीणबाईंनीही आईंना पाहिलं. दाढी पुन्हा पांढरी झाली होती. पुढचा उजवा पाय हळूच उचलला गेला.

आईंनी काचेवर टकटक केली नाही. त्या फरशीवर बसल्या, पार खाली, मांडी घालून, इतक्या की पेटीतला दगड त्यांच्या डोक्याच्या वर गेला.

"नको वं माय," त्या म्हणाल्या. "खाली घे तो हात. इथं तुले कोनी काई करत नाई."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पण समोर काच होती, आणि काचेत मी दिसत असणार.

माझा हात कानापर्यंत पोचला होता. तो मी खाली घेतला.